सोफ्यावरची अफ्रीनची जागा

फेब्रुवारी लागला की सौदीतल्या जुबैलची हवा अंगाला मानवते. आठ महिने भट्टीसारखा असलेला वारा समुद्रावरून गार होऊन येतो, चौकांतल्या गोल बागांमध्ये नगरपालिकेची माणसं पेटुनियाची रोपं लावून जातात, आणि सगळं गाव चटया, शेगड्या, थर्मास घेऊन किनाऱ्यावर जाऊन बसतं. घरात राहतात ती फक्त बोर्डाची परीक्षा असलेली पोरं. आमच्या कंपाउंडमध्ये ती संध्याकाळी पुस्तक हातात धरून फेऱ्या मारतात. यंदा वरच्या मजल्यावरच्या कुटुंबातली मुलगी आहे. कंपनीच्या बसमधून उतरलो की ती दिसते, ओठ हलत असतात, डोळे अर्धे मिटलेले. परवा तिच्या आईने गॅलरीतून हाक मारली, "अगं, किती वेळ चालशील? जरा बस." तिने मान हलवली आणि चालत राहिली. मी उगाचच थांबलो. विचारावंसं वाटलं, झोपतेस ना गं नीट? पण ओळख तेवढी नव्हती. हसलो आणि वर आलो.

तीन वर्षांपूर्वी आमची मुक्ता बारावीला होती. तो हंगाम माझ्या अंगातून अजून गेलेला नाही. वैशाली, माझी बायको, जानेवारीतच नाशिकला गेली होती. तिच्या वडिलांचं खुब्याचं ऑपरेशन होतं आणि तिथे दुसरं कोणी नव्हतं. जाताना तिने फ्रीजच्या दारावर कागद चिकटवला: कुठला डबा कधीचा, कुठली डाळ कुठल्या बरणीत. शेवटची ओळ होती, "मुक्ताशी बोलत जा." मला जरा राग आला होता. बोलतोच की मी, असं वाटलं. मग बोलायला बसलो तेव्हा कळलं की माझ्याकडे दोनच प्रश्न आहेत: जेवलीस का, आणि किती धडे झाले.

मी सकाळपाळीला होतो. पेट्रोकेमिकलच्या प्लांटमध्ये पाइपलाइनी, दाब, तापमान बघायचं आणि साडेतीनला घरी यायचं. मुक्ताला अभ्यासाची सुट्टी लागली होती. घरी आलो की ती सोफ्याच्या एका टोकाला पाय पोटाशी घेऊन लॅपटॉपवर काहीतरी बघत असायची. इंग्लंडमधल्या कुठल्याशा शाळेतल्या मुलांची मालिका होती. गळ्यात टाय, वर पाऊस, मागे करडा समुद्र. पहिल्या दिवशी मी बापाच्या आवाजात म्हणालो, "परीक्षा आलीय ना?"

"बाबा, चाळीस मिनिटं. प्रॉमिस."

"कोणाची आहे ही गोष्ट?"

"फ्रेंड्सची. आणि मेंटल हेल्थची. यू वोन्ट गेट इट."

शेवटचं वाक्य जरा लागलं. चहाचा कप घेऊन मी सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसलो. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी दचकलो. "काय झालं?"

"काही नाही. ती अफ्रीनची जागा आहे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "बस. ती येत नाही आता."

अफ्रीन म्हणजे मुक्ताची पहिलीपासूनची मैत्रीण. समोरच्याच इमारतीत राहायची. वडील हमीदभाई मूळचे दापोलीकडचे, पंचवीस वर्षं इथे, हार्डवेअरचं दुकान चालवणारे. शहनाजभाभींच्या हातचे घावणे आमच्या घरी दर महिन्याला यायचे. या दोघी पोरी शाळेच्या बसमध्ये एकाच बाकावर बसून मोठ्या झाल्या. एकमेकींशी हिंदीत बोलायच्या, भांडायच्या इंग्रजीत, आणि दोघींच्या आयांना कळू नये असं काही असलं तर शाळेत शिकलेल्या मोडक्या अरबीत. ही मालिकाही त्या मिळून बघत. एक इथे आणि एक तिथे असली तर फोन लावून, "थ्री, टू, वन," असं मोजून दोन्ही घरी एकदम सुरू करत आणि एकदम हसत.

"का येत नाही?"

"अभ्यास," मुक्ता म्हणाली आणि आवाज वाढवला.

मग रोजचंच झालं. चार वाजता चहा आणि चाळीस मिनिटं. त्या पोरांचं इंग्रजी मला अर्धं कळायचं. मुक्ता खाली अक्षरं लावायची आणि तरीही दर पाच मिनिटांनी थांबवून समजावायची. त्यात एक पोहणारी मुलगी होती आणि तिची एक चष्मेवाली मैत्रीण. पोहणारीला सगळ्या शर्यती जिंकायची सवय. हळूहळू ती तलावावर जायचं बंद करते, मग शाळेत, मग खोलीबाहेर यायचं. चष्मेवाली तिच्या पलंगाशी जमिनीवर बसून राहते. काही बोलत नाही, नुसती बसते. मला पहिल्यांदा हे सगळं अति वाटलं. आमच्या वेळी असली थेरं नव्हती, असं मनात आलंही. पण मी बघत राहिलो. एक गोष्ट मात्र मला खटकायची. "मुक्ता, यांचे आईबाप कुठे असतात गं? पोरगी चार दिवस खोलीत आहे आणि बाप दारावर टकटक करून निघून जातो?"

मुक्ताने माझ्याकडे न बघता म्हटलं, "तेच तर, बाबा."

एका दिवशी तो भाग आला. पोहणारी चष्मेवालीला सांगते की तिला आता सकाळी उठायचीच इच्छा होत नाही, कधीच. आणि म्हणते, कोणाला सांगू नकोस, शपथ आहे. मुक्ताने तिथेच थांबवलं. पडद्यावर त्या मुलीचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं.

"बाबा, तू असतास तर सांगितलं असतंस कोणाला?"

मी चहात बिस्कीट बुडवत होतो. अजिबात विचार न करता म्हणालो, "शब्द दिलाय ना? मग पाळायचा. मैत्री म्हणजे काय मग?"

ती "ओके" म्हणाली. लॅपटॉप बंद केला आणि फिजिक्सचं पुस्तक घेऊन खोलीत गेली. भाग अर्धाच राहिला.

दुसऱ्या दिवशी कामावर होतो. एका पंपाजवळ हलकासा वास येतोय असं नेपाळच्या एका ऑपरेटरने सांगितलं. मोजलं, तर काही विशेष नव्हतं. एक नट ढिला होता. मी त्याला शाबासकी दिली, की वास आला आणि तू लगेच बोललास, हे बरं केलंस. तो गेल्यावर मी तिथेच उभा राहिलो. मला सुधीर आठवला.

सुधीर माझा सांगलीच्या हॉस्टेलमधला रूम पार्टनर. दुसऱ्या वर्षाला त्याने अंघोळ करायचं सोडलं, मग मेसला यायचं. रोज म्हणायचा, "झोप येत नाही रे." आम्ही त्याला हसायचो. एकदा दोघंच असताना तो मला जे म्हणाला ते जवळजवळ त्या पोहणाऱ्या मुलीचंच वाक्य होतं, फक्त मराठीत. आणि म्हणाला, रेक्टरला सांगू नकोस. मी सांगितलं नाही. शब्द पाळला. पुढच्या महिन्यात त्याचे वडील आले, ट्रंक घेऊन त्याला घरी नेलं, आणि त्यानंतर आम्हा कोणालाही त्याचं काय झालं ते कळलं नाही. विचारायचं धाडसही केलं नाही. त्यावर तीस वर्षं गेली आणि काल माझ्या मुलीने विचारलं तेव्हा मी तेच उत्तर दिलं होतं, बिस्कीट खाता खाता.

तिने ते मालिकेबद्दल विचारलंच नव्हतं, हे मला त्या पंपाजवळ कळलं.

घरी आलो तर ती गादीवर उताणी पडून छताकडे बघत होती. सकाळी केलेली पोळी-भाजी ओट्यावर तशीच होती. मी म्हटलं, "चल, समुद्रावर जाऊन येऊ." ती म्हणाली, केमिस्ट्री राहिलीय. मी म्हटलं, राहू दे. बाप परीक्षेच्या तोंडावर असं म्हणतोय म्हटल्यावर ती उठून बसली.

किनाऱ्यावर गर्दी होती. कुठे मासे भाजत होते, कुठे लहान मुली पतंग उडवत होत्या. आम्ही गाडीतच बसलो, काचा खाली करून. मी सरळ सांगितलं, "मुक्ता, काल मी चुकीचं बोललो." आणि सुधीरची गोष्ट सांगितली. वैशालीलाही कधी सांगितली नव्हती. मी संपवलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आवाज न करता.

"बाबा, अफ्रीन," ती म्हणाली. आणि मग पुढचं सगळं हिंदी, इंग्रजी, मराठी मिळून बाहेर आलं. दोन महिने झाले होते. अफ्रीन झोपत नव्हती. प्रिलिमचे पेपर तिने कोरे दिले होते. आणि मागच्या आठवड्यात ती मुक्ताला म्हणाली होती, की रोज सकाळी जाग आली की वाईट वाटतं, जाग का आली म्हणून. मुक्ताने कुराणाची आणि देवाची, दोन्ही शपथा घेतल्या होत्या. "तिने मला एकटीलाच सांगितलंय, बाबा. मी सांगितलं तर तिला कोणीच राहणार नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

ती माझ्याकडे बघत राहिली. आठवड्याभरात मी तिला एकदा तरी नीट पाहिलं होतं का? डोळ्यांखाली केवढं काळं झालं होतं.

आम्ही तसेच हमीदभाईंकडे गेलो. मुक्ता म्हणाली, मी बोलते. मी म्हटलं, तू बस, मी बोलतो, चुकलं तिथे सांग. अफ्रीन खोलीत होती, दार लावून. हमीदभाई दुकानातून नुकतेच आले होते. त्यांनी चहा मागवला, "बसा देवरेसाब," म्हणून उशी पुढे केली, आणि मी बोलत गेलो तसा त्यांचा चेहरा बंद होत गेला.

"पोरीला काय झालाय? अभ्यासाचा टेन्शन हाय, दुसरा काय?"

"हमीदभाई, टेन्शनच्या पुढे गेलंय."

"आमची पोर वेडी हाय म्हणता तुमी?"

"नाही. आजारी आहे म्हणतोय."

ते उठून खिडकीपाशी गेले. पाठमोरे उभे राहून हळू आवाजात म्हणाले, "देवरेसाब, ह्या बाहेर जाता नये. उद्या तिचा लगीन करायचा हाय."

शहनाजभाभी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात चहाचा ट्रे तसाच. मला वाटत होतं त्या रडतील. त्या म्हणाल्या, "लगीन मागून. आधी पोर." मग ट्रे खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मी ऐकलाय तिला. न्हाणीघरात नळ सोडून रडते. मला वाटला, परीक्षा झाली की थांबेल." असं म्हणून त्या अफ्रीनच्या खोलीत गेल्या आणि दार आतून लोटलं गेलं. त्या दिवसापासून त्या तिच्याच खोलीत झोपू लागल्या.

तासाभराच्या अंतरावर दम्मामला केरळच्या एक मनोविकारांच्या डॉक्टरीणबाई होत्या. हमीदभाईंनी मला बरोबर चला म्हणून फोन केला. कारण काही सांगितलं नाही, "एकट्याला नको वाटते," एवढंच. पुढे आम्ही दोघे, मागे मायलेकी. रस्ताभर दोन्ही बाजूंना वाळू आणि विजेचे खांब. अफ्रीन खिडकीला डोकं टेकून बसली होती. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. हमीदभाई मात्र बोलत होते, कोणी न विचारता. लहानपणी बंदरावर नेलं की ही प्रत्येक जहाजाचं नाव विचारायची. त्यांना ते वाचता यायचं नाही, मनाने काहीतरी सांगायचे, आणि हिच्या लक्षात राहायचं. दुसऱ्या खेपेला त्यांनी वेगळं नाव सांगितलं की पकडायची. आरशात मला दिसलं, की शहनाजभाभींनी तिचा हात धरलाय आणि तिने सोडवून घेतलेला नाही.

डॉक्टरीणबाईंनी तासभर तिच्याशी एकटीशी बोलून मग आईवडिलांना आत घेतलं. औषधं, दर आठवड्याला येणं, घरात कोणी ना कोणी सतत सोबत असणं. आणि परीक्षा यंदा नको. हमीदभाई बाहेर आले तेव्हा "एक वर्ष," एवढंच पुटपुटत होते. परतीच्या वाटेवर अर्ध्या तासाने ते अचानक आरशात बघत म्हणाले, "अफ्रीन, आपल्या दापोलीच्या बागेतला आंबा दरसाल लागतो काय?"

बऱ्याच वेळाने मागून आलं, "नाही, अब्बा."

"मग? आपण त्याला तोडतो काय?"

त्या माणसाने तो विचार कुठून आणला, कोण जाणे.

मालिकेत पुढच्या भागात दोघी मैत्रिणी गळ्यात पडतात, असं मला मागाहून कळलं. आमच्याकडे तसं झालं नाही. अफ्रीनने मुक्ताला एक मेसेज पाठवला, "आय विल नेव्हर फरगिव्ह यू," आणि नंबर ब्लॉक केला. मुक्ताने फिजिक्सचा पेपर सुजलेल्या डोळ्यांनी दिला. घरी आली आणि दप्तर टाकून माझ्यावर ओरडली, "तू म्हणालास सांग! मी सांगितलं! आता?" मी वरण-भात लावला. ती दारात उभी राहून बघत होती, मग पुढे होऊन तिने लिंबू चिरलं. त्या दिवसांत आमच्यात इतपतच बोलणं होतं, पण रोज होतं.

लॅपटॉप तिने उघडला नाही. एकदा मात्र विचारलं, "तू पुढचे भाग बघितलेस?"

"नाही."

"का?"

"तुझ्याशिवाय कळत नाही मला."

ती हसली. दोन आठवड्यांनी पहिल्यांदा.

अफ्रीनची खबर मला हमीदभाईंकडून कळायची. आज दोन घास जास्त खाल्ले. आज आईबरोबर खाली उतरली. आज चिडली, भांडी आपटली. ते हे चिडणंसुद्धा आनंदाने सांगायचे. मुक्ता ऐकायची, पण स्वतःहून कधी विचारायची नाही. तिचा शेवटचा पेपर झाला आणि रमजान लागला. संध्याकाळी रस्ते एकदम ओस पडायचे, रोजा सुटला की पुन्हा गजबजायचे. अशाच एका संध्याकाळी, बांग होऊन गेल्यावर, बेल वाजली. दारात अफ्रीन. बारीक झालेली, केस कापलेले. हातात घावण्यांचा डबा आणि नारळाच्या रसाचं पातेलं.

मी मुक्ताला हाक मारली आणि उगाच स्वयंपाकघरात गेलो. पण ऐकत होतो, खोटं कशाला बोलू.

"पेपर कसे गेले?" अफ्रीनने विचारलं.

"वाईट."

"बरं झालं."

मग दोघीही एकदम फिस्सकन हसल्या.

"मी अजून रागावलेय तुझ्यावर," अफ्रीन म्हणाली.

"ओके."

"पण आत येऊ का? रस सांडतोय."

उरलेले भाग आम्ही तिघांनी पाहिले. माझी बदली अर्थातच सोफ्यावरून खुर्चीत झाली. अफ्रीन मधेच थांबवून म्हणायची, "असं नसतं हं. एवढ्या लवकर बरं नसतं वाटत." मुक्ता मान डोलवायची. एका प्रसंगात तर दोघी त्या लेखकांवर इतक्या चिडल्या की मी त्यांची बाजू घ्यायला गेलो आणि मलाच गप्प बसवलं गेलं. मे महिन्यात वैशाली परत आली तेव्हा तिला मी चहाचा कप घेऊन त्या पोरींच्या गप्पांमध्ये सापडलो. फ्रीजवरचा कागद तिने काढून टाकला.

अफ्रीनने पुढच्या वर्षी बारावी दिली. मधे दोन वेळा पुन्हा वाईट दिवस आले. औषधं बदलली, दम्मामच्या खेपा वाढल्या. आता ती रत्नागिरीला आजोळी राहून शिकते. बरी आहे, म्हणजे बहुतेक दिवस बरी असते, असं ती स्वतःच सांगते. मुक्ता पुण्यात तिसऱ्या वर्षाला आहे. दोघी फोनवर अजून भांडतात.

यंदा जानेवारीच्या शेवटी एका दुपारी, मी कामावरून येऊन हातपाय धूत होतो तेव्हा मुक्ताचा फोन आला. "बाबा, मला बरं नाहीये," ती म्हणाली. नेहमीसारखं मी विचारणार होतो, ताप आहे का. तेवढ्यात तीच म्हणाली, "शरीराचं नाही. महिना झाला. कॉलेजला जावंसंच वाटत नाही. अफ्रीनला सांगितलं. ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता बाबांना फोन कर, नाहीतर मी करते."

मी तिला झोप, जेवण, सगळं विचारलं. सकाळी उठताना काय वाटतं, तेही विचारलं. जीभ अडखळली, पण विचारलं. ती म्हणाली, "तसं नाही, बाबा. तिथपर्यंत नाही. म्हणून तर लवकर सांगतेय." मग म्हणाली, "तू ये असं नाही म्हणत. नुसतं सांगायचं होतं."

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर रजेचा अर्ज ठेवला. साहेब सौदी, माझ्याहून वयाने लहान, प्लांट बंद ठेवून करायची शटडाऊनची कामं तोंडावर आलेली. त्याने विचारलं, "काय झालंय मुलीला?" टायफॉइड म्हणावं असं क्षणभर वाटलं. सोपं होतं ते. मी म्हणालो, "मन ठीक नाही तिचं. बोलावलेलं नाही, पण मला जायचंय." त्याने पेन उचललं, माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि सही केली. "यल्ला, चल," म्हणाला, "तिकीट काढ."

पुण्यात तिच्या भाड्याच्या फ्लॅटचं दार तिनेच उघडलं. केस न विंचरलेले, अंगात माझा जुना स्वेटर. माझ्या हातातल्या बॅगेकडे बघत म्हणाली, "खरंच आलास? मी बोलावलं नव्हतं रे."

"सांगितलंस ना."

"हो," ती म्हणाली. "सांगितलं."

मग ती दारातून बाजूला झाली, आणि मी बूट काढून आत गेलो.